ऑइल जातं कुठे?

‘ब्रेक ऑइल संपत नसतं. ते जातं,’ असं तात्या म्हणाले की समोरच्यानं हातातली भाजीची पिशवी खाली ठेवावी. ती लवकर उचलायला मिळत नाही.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते शाळेत होते, आणि त्या दिवशी घरात शिरलेल्या पाण्यानंच आपली नोकरी ठरवली असं ते सांगतात. गळती हा त्यांचा जन्माचा विषय. सोसायटीत कुणाचा नळ ठिबकला तर प्लंबरच्या आधी तात्या हजर. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या गाडीचा लाल दिवा वळणावर लुकलुकायला लागला तेव्हा काकू घाबरल्या आणि तात्या, खरं सांगायचं तर, खुलले.

‘वळणावरच का?’ त्यांनी मला जिन्यात अडवून विचारलं. मग उत्तरही दिलं. लेव्हल खालच्या रेघेला टेकली की वळणावर ऑइल एका बाजूला जातं, टाकीतला फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. गाडी सरळ झाली की दिवा गेला. ‘लोक म्हणतात वायरिंग लूज आहे. लॉजिकली विचार करा!’

गॅरेजमधला पोरगा सरळ म्हणाला, ‘काका, थोडं टाकून देतो, वर्षभर बघायला नको.’ तात्या जागचे उठून घरी आले. गाडी पार्किंगमध्ये लावली, किल्ली देवघरात ठेवली आणि जाहीर केलं, की कारण सापडेपर्यंत ती हलणार नाही. पुतण्याच्या लग्नाला दोघं एसटीनं गेली. काकूंनी पैठणी नेसून स्वारगेटला रांग लावली. ती गोष्ट अजून मिटलेली नाही.

तपास सुरू झाला तो पॅडपासून. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरतं आणि टाकीतली लेव्हल उतरते. ही गळती नव्हे, एवढं तात्या उदार मनानं मान्य करतात. त्यात वरून भर घालणाऱ्यांची त्यांना कीव येते, कारण नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबले की तेच ऑइल उसळून बाहेर येतं आणि बॉनेटचा रंग खातं. पण तात्यांचे पॅड नवे होते आणि महिन्यात लेव्हल बोटभर उतरत होती. त्यांनी टाकीवर मिलिमीटरची पट्टी चिकटवली. वही घातली.

मग पुठ्ठे. वर्तमानपत्रावर थेंब नीट दिसत नाही म्हणून शर्टाच्या खोक्यातले पांढरे पुठ्ठे. ते त्यांनी घराघरांतून मागून आणले आणि रात्री चारही चाकांखाली सरकवले. एका सकाळी डावीकडच्या पुठ्ठ्यावर डाग! तात्यांनी बोट लावलं, चोळलं, वास घेतला. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी होतं. त्या बिऱ्हाडाला त्याच दिवशी लेखी सूचना गेली.

मागचे ड्रम उघडले. व्हील सिलिंडरची रबरी टोपणं उचलून पाहिली, कोरडी. होजपाइप कोरडे. काही गाड्यांत क्लचही त्याच टाकीतून ऑइल घेतो. यांच्या गाडीत क्लचला साधी केबल आहे, तरी त्यांनी पेडलखालचा गालिचा उचलून हात फिरवला. ‘शंका ठेवायची नाही.’ या काळात टॉर्च धरायला जो सापडेल तो धरायचा. मी स्कूटर लांब, गेटबाहेर लावायला लागलो होतो.

शेवटी मास्टर सिलिंडरचे नट सोडून त्यांनी तो पुढे ओढला आणि मागच्या बूस्टरच्या तोंडात काडीला गुंडाळलेला कापूस फिरवला. कापूस ओला! सिलिंडरचं मागचं सील गेलं होतं आणि ऑइल गपचूप बूस्टरमध्ये उतरत होतं. बाहेर टिपूस दिसणार कुठून? तो बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये फिरवला. विषयपत्रिकेवर लिफ्टची दुरुस्ती होती.

नवा सिलिंडर आला. नवं ऑइलही आलं, सीलबंद, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोरडं डॉट-३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलं की ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते, आणि मग घाटात ब्रेक तापले की पेडल पोकळ लागतं. म्हणून तात्या बाटलीवर डोळ्यांच्या औषधासारखी फोडल्याची तारीख घालतात. उरलेलं कुणी मागितलं तर देत नाहीत. ‘जीव प्यारा नाही का?’

राहिली हवा काढायची. याला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस काकू. मांडीवर मेथीची जुडी घेऊन त्या ड्रायव्हरच्या सीटवर, तात्या मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बरणीत.

‘दाब!’

‘दाबलं.’

‘धर!’

‘धरलंय हो.’

निपल सैल, नळीत बुडबुडे, निपल घट्ट. ‘सोड!’ पुन्हा दाब. हे छान चाललेलं असताना काकूंचा फोन वाजला. बहिणीचा.

‘अगं, पाय उचललास? निपल उघडं होतं! हवा आत गेली सगळी!’

‘मग काढा परत. हवाच आहे.’

तात्यांनी परत काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं, तरी ‘खात्रीसाठी’ पहिल्या चाकापासून आणखी एक फेरी ठरली. तात्या बरणी धुऊन आले तर सीटवर मेथीच्या काड्या तेवढ्या. त्यांनी वर पाहून हाक मारली. तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, ‘अहो, वॉचमनला बसवा. मी फोडणी टाकलीय.’