हाताची घडी, बाईंच्या तोंडावर बोट

आपल्याकडे शिक्षकाची किंमत आवाजावरून ठरते. ज्यांचं व्याकरण चार वर्ग पलीकडे ऐकू येतं ते सर चांगले, आणि ज्या वर्गात पोरं मुकाट बसतात तो वर्ग शिस्तीचा. या परंपरेत रत्नागिरीला बरीच वर्षं इंग्रजी शिकवून झाल्यावर मी ते कसं शिकवावं हे शिकायला निघाले, तेही स्पेनमध्ये, भूमध्य समुद्राकाठच्या मालागा शहरात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, इंग्रजीसाठी इंग्लंडला जातात. स्पेनला कुणी जातं का?"

शंका रास्त होती. पण शिकवण्याचा सराव करायला इंग्रजी न येणारी माणसं लागतात, आणि त्या बाबतीत मालागा संपन्न आहे. शिवाय या विद्येचं आजोळही तिकडचंच. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या नवराबायकोने १९५३ साली कॉर्दोबात इंग्रजीची शाळा काढली. पुढे लंडनला गेल्यावर १९६२ मध्ये शिक्षकांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू केला. केंब्रिजचं 'सेल्टा' हे प्रमाणपत्र त्याच वंशातलं. कॉर्दोबा मालागाहून वेगवान रेल्वेने तासाभरावर आहे.

माझा हा सेल्टाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांचा, निदान १२० तासांचा. त्यात प्रत्यक्ष शिकवायचं ते फक्त सहा तास. ऐकताना वाटतं, एवढंच? पण समोर शहरातली खरीखुरी माणसं, फुकट शिकायला आलेली, आणि मागच्या बाकावर वही उघडून बसलेले प्रशिक्षक. जुन्या शाळांत तपासणीला दिपोटी साहेब वर्षातून एकदा यायचे तर गुरुजींना आठवडाभर झोप नसे. इथे प्रत्येक तासाला दिपोटी. आणि हे दिपोटी रागावतही नाहीत. "पुढच्या वेळी कदाचित याचा विचार करता येईल" असं मऊ आवाजात म्हणतात. त्याचा अर्थ तास पार बुडाला असा घ्यायचा, हे कळायला थोडा वेळ लागतो.

बुडण्याचं कारण बहुधा एकच असतं: शिक्षक फार बोलला. तिथे शिक्षकाच्या बोलण्याची मिनिटं मोजतात आणि जितकी कमी तितकं कौतुक. तुम्ही चित्र दाखवा, खुणा करा, फळ्यावर काळाची रेघ ओढा, पण बोलायचं विद्यार्थ्यांनी. भाषांतर करायचं नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या माणसाला हे म्हणजे काठी काढून घेऊन 'आता चाला' म्हणण्यासारखं. आणि सर्वांत मोठी बंदी 'समजलं का?' या प्रश्नावर. माझी अर्धी नोकरी या दोन शब्दांवर झालेली. पण बंदीमागचं कारण बिनतोड आहे: जगात कुठल्याही वर्गाने या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलेलं नाही. म्हणून त्याऐवजी अर्थ तपासणारे बारके प्रश्न विचारायचे.

मी फळ्यावर 'आय यूझ्ड टू स्मोक' लिहिलं. विचारलं, "डू आय स्मोक नाऊ?" अपेक्षित उत्तर 'नो'. पुढचा प्रश्न, 'पूर्वी ओढत होते का?' अपेक्षित उत्तर 'येस'. वहीत सगळं ओळीने लिहिलेलं. पहिल्या बाकावरच्या निवृत्त पोस्टमनकाकांनी माझ्याकडे, मग माझ्या साडीकडे नीट पाहिलं आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "आय डोन्ट नो, टीचर. यू टेल मी."

मालागाच्या लोकांचं इंग्रजी ऐकत राहावं असं आहे. मुळात आंदालुसियातली माणसं स्वतःच्या स्पॅनिशमधलाही शब्दाअखेरचा 'स' गिळतात. 'मास ओ मेनोस' हे तिथे 'मा ओ मेनो' होतं. मग इंग्रजी क्रियापदामागचा 'एस' त्यांनी का म्हणून जपावा? उलट 'स्पेन'च्या पुढे मात्र एक 'ए' हमखास लागतो, 'एस्पेन', 'एस्कूल'. मागचा गिळला, पुढचा लावला, हिशेब चोख. इस्कूल आणि इस्टेशनच्या मुलखातून गेलेल्या मला त्यात परकं काही वाटेना.

एकदा विषय होता, पाहुण्याला तुमच्या गावात काय खायला घालाल. पोस्टमनकाका उभेच राहिले. समुद्रावर जुनी होडी असते, ती वाळूने भरायची, त्यात लाकडं पेटवायची. सार्डिन वेताच्या काडीला ओवायचे आणि काडी विस्तवाच्या बाजूला वाळूत तिरकी रोवायची, थेट जाळावर नाही. हे सगळं त्यांनी हातवारे करत सांगितलं. मग एक बोट वर करून म्हणाले, "ओन्ली मन्थ विदाउट आर!" मे, जून, जुलै, ऑगस्ट. नावात 'आर' नसलेले महिने; तेव्हाच मासा चरबीने भरलेला असतो. शेजारच्या बाईंना हे मान्य नव्हतं, त्यांचं सप्टेंबरवर मत होतं. दोघांची इंग्रजीतच जुंपली. सार्डिन म्हणजे आपली तारली, आणि तारलीवर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकून उभी राहिले. त्या तासाला प्रशिक्षकांनी वहीत लिहिलं, 'उत्तम अध्यापन'.

कुणाला जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. प्रमाणपत्र जगभर चालतं. पण खुद्द स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला कामाचा परवाना मिळणं कठीण, आणि शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत 'नातिवो' हा शब्द अजून भेटतो, म्हणजे इंग्रजी मायबोली असलेलाच हवा. आमच्या तुकडीत असे नातिवो होते. इंग्रजी ते झऱ्यासारखं बोलत, पण प्रेझेंट परफेक्ट कशाला म्हणतात हे त्यांच्या शाळेने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच पाठ घ्यायचा म्हटल्यावर त्यांचे चेहरे उतरत. मग रात्री बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात त्यांना ते मी समजावत असे, नियम, अपवाद, उदाहरणं, सगळं तर्खडकरी पद्धतीने. तिथे मागच्या बाकावर कुणी नसे, त्यामुळे पोटभर बोलून घेतलं.