ससेवाले काकाजी

हिंगणघाटात कोणत्याही पानठेल्यावर ‘ससेवाल्या काकाजींचं घर कोणतं?’ असं विचारा. चुना लावता लावता माणूस मानेनेच दिशा दाखवेल. घरात ससा मात्र नाही, कधी नव्हताही. मागे समुद्रपूरकडचा एक शेतकरी फटफटीला टोपली बांधून आला आणि म्हणाला, “एक जोडी द्या जी, नर-मादी.” काकाजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि काचेच्या कपाटातून तळहाताएवढं पुस्तक काढून दाखवलं. बिएट्रिक्स पॉटर नावाच्या बाईने पीटर सशाची गोष्ट लिहिली, प्रकाशकांनी ती परत पाठवली, मग तिने डिसेंबर १९०१ मध्ये पदरच्या पैशाने छापून घेतली आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ती रंगीत चित्रांसकट बाजारात आणली, हे सगळं समजावलं. शेतकरी शांतपणे ऐकत होता.

“तं पह्यल्या खेपेले किती झाले?” त्याने विचारलं.

“अडीचशे,” काकाजी म्हणाले.

“एका वेताले?”

तो रिकामी टोपली घेऊन गेला, पण तिकडच्या गावांत या घरच्या सशांच्या जातीची कीर्ती पसरली ती कायमची. काकाजींकडची प्रत त्या अडीचशेतली नाही, हे सांगायला नकोच. ती बरीच नंतरची आहे. किती नंतरची, ते ठरत नाही, कारण वॉर्नच्या नंतरच्या कितीतरी पुनर्मुद्रणांवर सालच छापलेलं नाही. हे साल शोधणं हा काकाजींचा सध्याचा पूर्णवेळ उद्योग आहे.

त्यांची हयात जिनिंग फॅक्टरीत रुईचा दर्जा ठरवण्यात गेली. आपल्या गावात ही विद्या मुरलेली आहे. इंग्रजांच्या काळात इथल्या बनी कापसाला बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखत. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धागा डोळ्यांसमोर न्यायचा आणि समोरच्याचा चेहरा पडेल असा निकाल द्यायचा, हे काकाजींचं काम. निवृत्तीनंतर रुई गेली, अंगठे राहिले. आता ते पुस्तकाचं पान तसंच धरतात. डाग पडून पिवळं झालेलं पान म्हणजे ‘कवडी’. गाजलेल्या पुस्तकाची मागाहून काढलेली स्वस्त आवृत्ती म्हणजे ‘फरतड’. नागपूरच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला त्यांनी एकदा “माल ओला आहे” असं सुनावलं होतं. त्याने बिचाऱ्याने आकाशाकडे पाहिलं.

कागदाच्या बाबतीत मात्र त्यांना बोलायचा अधिकार आहे आणि ते बोलतात ते खरंही आहे. पूर्वी कागद सुती चिंध्यांचा व्हायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, पुस्तकं स्वस्त झाली आणि त्याच लगद्यातल्या आम्लामुळे पानं पिवळी पडून कडाकडा मोडू लागली. “कापसाचा कागद दोनशे वर्षं टिकते. लाकडाचा पोराच्या लग्नापर्यंत पुरत नाही,” असं ते सांगतात, तेव्हा त्यांचा आवाज बाजार समितीच्या लिलावात चढावा तसा चढतो.

या नादाची सुरुवात नागपूरला सीताबर्डीवर झाली. गाडीला वेळ होता आणि रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या ढिगात एक लाल कातडी पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर सोनेरी वर्तुळात सोंड उचललेलं हत्तीचं डोकं आणि शेजारी स्वस्तिक. काकाजींना वाटलं, गणेशपुराण असावं. निघालं किपलिंगचं ‘जंगल बुक’. मूळ पुस्तक १८९४ चं, लंडनच्या मॅकमिलनचं, त्यातली काही चित्रं खुद्द लेखकाच्या वडिलांनी काढलेली. हे वडील मुंबईला जे. जे. कला शाळेत शिकवायचे आणि लेखकाचा जन्मही मुंबईचाच, १८६५ चा. काकाजींना मात्र मुंबईपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने झपाटलं. मोगलीचं जंगल सिवनीचं. सिवनी नागपूरच्या पुढे, आपल्या ४४ नंबरच्या हायवेवर. त्या काळी सिवनी आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. “म्हणजे मोगली आपल्याच रोडवरचा पोट्टा आहे,” हा त्यांचा सिद्धांत. किपलिंगने ही कथा अमेरिकेत व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिली आणि सिवनीचं जंगल त्याने कधी पाहिलंच नव्हतं असं मानतात, हे मी एकदा दबकत सांगितलं. त्यावर काकाजी म्हणाले, “म्हणून तं त्याच्या पुस्तकात कुठी टोलनाका नाही.”

त्या लाल पुस्तकावर पुढे जे ओढवलं ते सांगायलाच हवं. काकूंनी दिवाळीत कपाट पुसताना ते पाहिलं. गणपती आहे, स्वस्तिक आहे, कातडी बांधणी आहे, अर्थात ही कोणीतरी जपलेली जुनी चोपडी. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर गेली. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. काकाजी फटाके आणून घरात आले आणि पाहतात तो बत्तासे जंगल बुकावर. त्यांच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून शेजारच्यांना वाटलं, सुतळी बॉम्ब घरातच फुटला. हे स्वस्तिक साधं नव्हे. जर्मनीत हिटलरने ते चिन्ह उचलल्यावर किपलिंगने आपल्या पुस्तकांवरून ते काढून टाकायला लावलं, त्यामुळे ज्या प्रतीवर ते आहे ती त्याआधीची, हा संग्राहकांचा ठोकताळा. “ज्या स्वस्तिकामुळे भाव येते, त्याच्यावरच कुंकू!” असं ते रात्रभर म्हणत होते. काकूंचं म्हणणं इतकंच, की स्वस्तिकावर कुंकू नाही लावायचं तर काय कपाळावर डांबर लावायचं? आता काकाजींच्या नोंदवहीत त्या पुस्तकापुढे ‘दोष’ या रकान्यात ‘कुंकू, अनामिकेचे, एक बोट’ अशी नोंद आहे.

नोंदवही हा त्यांचा खरा ग्रंथ. बाकीची पुस्तकं त्यांनी वाचलेली नाहीत. हा आरोप नव्हे, ते स्वतःच सांगतात. शीर्षकपान, त्यामागचं छपाईचं पान, चित्रांची यादी आणि शेवटची जाहिरातीची पानं, इथवर त्यांचं वाचन. मधे गोष्ट असते असं त्यांनी ऐकलं आहे. केनेथ ग्रॅहमचं ‘विंड इन द विलोज’ १९०८ मध्ये मेथ्युएनने काढलं आणि शेपर्डची चित्रं त्याला १९३१ मध्ये लाभली, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण पुण्याहून आलेल्या नातीने “आजोबा, मग त्या बेडकाचं काय होतं?” असं विचारलं तेव्हा ते गडबडले आणि म्हणाले, “पाठचा कोपरा थोडा दुमडते.” या पुस्तकाचा एक नायक नदीकाठचा उंदीर. आमच्या गल्लीतल्या उंदराने नेमकं तेच निवडलं आणि शेपर्डच्या नकाशातली नदी काठासकट कुरतडली. काकाजींनी पिंजरा लावला, उंदीर सापडला, आणि त्यांनी त्याला वणा नदीवर नेऊन सोडला. आम्हाला वाटलं, भूतदया. ते म्हणाले, “त्याले नदी पाह्यजे होती. खरी पाहून घे म्हटलं.”

जिवंत जनावरांशी त्यांचं एरवी काही जमत नाही. गच्चीवर वानरं आली की ते खिडक्या लावून बसतात. कुत्रा दिसला की रस्ता ओलांडतात. वाळवी आणि कसर या दोन प्राण्यांशी मात्र त्यांचं उघड युद्ध आहे. कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या आणि दर अमावास्येला कपाटाची झडती. पाहुणे म्हणतात घरात शिरल्यावर आधी दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

पण सगळ्यात कठीण काळ मे महिना. नवतपा लागतो, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, सगळं गाव कूलरपुढे खाट टाकून पडलेलं असतं आणि काकाजींच्या बैठकीत कूलर बंद. कूलरच्या ओल्या वाऱ्याने पानं फुगतात, पुठ्ठे वाकतात. एका उन्हाळ्यात वर्ध्याहून साडूभाऊ आले, हातात गोरसपाकचा डबा. अर्ध्या तासात त्यांनी बनियन पिळली. “कूलर काहून बंद आहे जी?” त्यांनी विचारलं. “ससा आहे ना घरात,” काकाजी म्हणाले. साडूभाऊंनी पलंगाखाली पाहिलं, डबा उचलला आणि पुढची गाडी पकडली. काकूंना माहेरकडचं माणूस गेल्याचं फारसं काही वाटलं नाही. गोरसपाकचं वाटलं.

लग्नाला गेले की काकाजींची नजर नवरीकडे नसते, माळ्याकडे असते. तेरवीच्या पंगतीत ते हळूच विचारतात, “दादाजीची जुनी पुस्तकं कोणाकडं आहेत?” लोकांनी समजून घेतलं आहे. वाढदिवसाला कोणी शाल देत नाही, पुस्तक देतात, तेही जनावराचं. एका भाच्याने मोठ्या प्रेमाने ‘बोक्या सातबंडे’ आणलं. काकाजींनी ते मागून पुढून तपासलं, वास घेतला आणि विचारलं, “याच्यात बोका कोठी आहे?” दिलीप प्रभावळकरांचा बोक्या हा चांगला दोन पायांचा मुलगा आहे हे कळल्यावर ते पुस्तक नातीला मिळालं. तिने ते एका दुपारी वाचून काढलं. त्या घरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं गेलेलं मला माहीत असलेलं हे एकमेव पुस्तक.

तान्ह्या पोळ्याला त्यांची खरी कसोटी लागते. गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून बोजारा मागायला येतात. पैसे घेऊन झाल्यावर एखादं धीट पोट्टं कपाटाकडे बोट दाखवतं. “काकाजी, थो ससा पाहू द्या ना.” काकाजी कुलूप उघडतात, हात धुतात, पुसतात, पुस्तक दोन बोटांत धरतात आणि तीन हात अंतरावरून दाखवतात. निळा कोट घातलेला ससा. पोरं पुढे सरकतात, काकाजी मागे सरकतात, आणि भिंत लागली की कार्यक्रम संपतो.

मला या छंदातली गंमत इथेच दिसते. मुलांच्या पुस्तकाला भाव यायचा तर ते कोरं राहायला हवं, आणि ते कोरं राहतं ते मुलाने हात न लावल्यामुळे. गाजलेली गोष्ट चिखलाच्या हातांनी, दुधाच्या डागांनी, लहान भावाच्या दातांनी संपते. शंभर वर्षं टवटवीत राहिलेली प्रत ही बहुधा एखाद्या शिस्तीच्या घरातली, वरच्या फळीवरची, किंवा कोणाला न आवडलेली. काकाजींपुढे मी हे मांडलं तेव्हा ते म्हणाले, “मग पोट्ट्यांनी फाडावं म्हणतोस?” मी गप्प बसलो. म्हणतो मी तेच, पण त्यांच्या घरचा चहा पीत होतो.

मराठीकडे ते उशिरा वळले. इंग्रजी ससा कपाटात आणि आपला कोल्हा कुठे? इसापच्या गोष्टी मराठीत तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापल्या गेल्या. मुंबईला सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसपनीतिकथा’ काढली. हे कळल्यापासून काकाजींची झोप उडाली आहे, कारण तो कागद लगद्याच्या आधीचा. त्यात भर आमच्या गावच्या इतिहासाची. हिंदुस्थानची मोजणी करत निघालेला विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला इथेच वारला, त्याचं थडगं गावात आहे. इंग्लंडात १८१८ मध्ये टॉमस ब्यूइकच्या लाकूडचित्रांसह इसाप निघाला होता. साहेबाच्या पेटाऱ्यात तो असू शकतो, पेटारा कोणाच्या तरी घरी राहिला असू शकतो, असा काकाजींचा होरा आहे. मोजणीवाल्या साहेबाच्या पेटाऱ्यात साखळ्या आणि दुर्बिणी असणार असं मी म्हटलं. ते म्हणाले, “माणूस रात्री साखळी वाचते का?”

खरी वानवा फार जुन्यांची नाही, कालच्यांची आहे. मॉस्कोहून आलेली मराठी पुस्तकं, गुळगुळीत कागदावरची अस्वलं आणि कोल्हे, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला तशी यायची बंद झाली. त्यातली काकाजींना एकच प्रत मिळाली. पाठ उसवलेली, अस्वलाला पेनने मिशा काढलेल्या, आत तीन वेगवेगळ्या मुलांची नावं. त्यांच्या हिशेबाने साफ कवडी. तरी ती कपाटाबाहेर टीपॉयवर असते आणि नात आली की तिचीच. ‘चांदोबा’चे अंक तर गावातल्या अर्ध्या घरांत होते. त्यांच्या पुड्यांतून आम्ही फुटाणे खाल्ले. ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने आता इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यावर काकाजींचं मत एका वाक्याचं: “अंगठ्यात धरता येत नाही.”

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर, कणगीमागे, जुन्या ट्रंकेत छत्र्यांचा इसाप किंवा प्राण्यांच्या गोष्टींचं कोणतंही जुनं मराठी पुस्तक असलं तर रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्याआधी हिंगणघाटला एक निरोप द्या. पान फाटलेलं चालेल, मिशा काढलेल्या चालतील. भाव मात्र आधी ठरवून घ्या. काकाजी पान अंगठ्यात धरून ओढतील, उजेडाकडे नेतील आणि ‘ओलं आहे’ म्हणतील. तेव्हा घाबरू नका, ते कोरड्या मालालाही तेच म्हणतात.