सारं पालथं

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका दर बुधवारी आणि रविवारी पुण्याचा जुना बाजार पालथा घालतात. तिथं हाती लागेल ती चिनीमातीची वस्तूही पालथी घालतात. फ्रिलवाली मेंढपाळीण असो की जर्मनीत घडून इकडे आलेला बाळकृष्ण, काका तोंडाकडे बघतच नाहीत. आधी बूड. कारखान्याची खूण तिथं असते. ‘तोंड कुणीही रंगवतो हो,’ ते म्हणतात. ‘खरं काय ते बुडाशी.’

मग नखानं टिचकी मारून कान लावायचा. खणखणीत वाजलं तर अखंड, बद्द वाजलं तर तडा. बाहुलीच्या बुडाला भोक दिसलं की काका हरखतात. भट्टीत आतली हवा तापून फुगते, तिला ती वाट ठेवलेली असते. नाहीतर बाहुली फुटायचीच.

गेल्या वर्षी गुलाबी घागऱ्याची मेंढपाळीण आली. बुडावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. ‘माइसेन! जर्मनीतला 1710 सालचा कारखाना!’ काका सुरू झाले. ‘ब्योटगर नावाचा पोरगा सोनं करून दाखवतो म्हणाला, म्हणून राजानं त्याला कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण चीनच्या तोडीची पोर्सिलेन झाली!’

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, ‘आमच्याकडे कोंडावंसुद्धा लागलं नाही. माझ्या पाटल्यांची चिनीमाती ह्यांनी मोकळं राहून केली.’

मुंबईहून एक जाणकार आले. भिंगातून पाच मिनिटं तलवारी न्याहाळल्या आणि ‘चहा छान झालाय’ एवढंच बोलले. त्या तलवारींची नक्कल अठराव्या शतकापासून चालत आलेली आहे, हे काकांनाही ठाऊक. पण ते खचले नाहीत. ‘नक्कल झाली म्हणून काय, तीसुद्धा शंभर वर्षांची असेल!’

भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या बश्या आल्या आणि काकांच्या डोळ्यांत ती चमक दिसली. मी पाय दाबला, व्यर्थ. त्यांनी भरली बशी डोक्यावर धरून खालून वाचायला सुरुवात केली. ‘ऑक्युपाइड जपान! म्हणजे 1945 ते 1952! दोस्तांच्या ताब्यातलं जपान!’ शेवटच्या शब्दाला बशी कलली. पोहे काकांच्या टोपीवर, लिंबाची फोड मुलीच्या वडिलांच्या मांडीवर. मुलगी इतकी हसली की लग्न तिथंच ठरलं. मानपानात काकांना त्याच सेटातल्या पाच बश्या मिळाल्या.

घरात एकच वस्तू काकांच्या तावडीतून सुटली होती : काकूंच्या आईची लोणच्याची बरणी, तपकिरी खांद्याची, पांढऱ्या पोटाची. ती कधी रिकामीच नसे. यंदाच्या मे महिन्यात काकूंनी ती धुऊन उन्हात ठेवली आणि काकांनी डाव साधला. बरणी पालथी केली. खूण नाही, कारखाना नाही, साल नाही.

‘काहीच नाही गं हिच्यावर,’ काका हिरमुसले.

काकूंनी बरणी काढून घेतली, फडक्यानं कोरडी पुसली आणि सुलटी ठेवली. ‘चाळीस वर्षांत एकदा बुरशी धरली नाही. चला, फोडी भरा.’

काकांनी कैरीची परात पुढं ओढली. भरायच्या आधी मात्र, काकूंची पाठ वळलेली पाहून, बरणीला हळूच टिचकी मारली आणि कान लावला.

खणखणीत.