डबीएवढा संगणक, कपाटाएवढा संसार

सिडकोच्या कॅनॉट प्लेसच्या बाजारातून हल्ली संगणक घेऊन निघालेला माणूस ओळखू येत नाही. खरेदी भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली असते. स्वस्त मिनी पीसीचा हा पहिला गुण. आतला इंटेलचा एन१०० प्रोसेसर २०२३ सालचा, चार कोअरचा, ६ वॉटच्या वर्गातला. छताचा जुना पंखा ७५ वॉट खातो, म्हणजे घरच्या कर्त्याला वीजबिलावर भाषण द्यायला आकडे आयतेच मिळाले. ४के चित्रपटही हा संगणक विनातक्रार दाखवतो. भिंतीवरचा टीव्ही फुल एचडी आहे, हा काही त्याचा दोष नाही.

आता जागा वाचवणाऱ्या या डबीचा परिवार बघा: अडॅप्टर, कीबोर्ड, माउस, स्पीकर, वायरींचं जंजाळ. लॅपटॉपसारखी बॅटरी पोटात नाही. वीज क्षणभर गेली तरी चिरंजीवांचा सेव्ह न केलेला प्रोजेक्ट वैकुंठाला. म्हणून यूपीएस आला, तो संगणकाच्या कित्येक पट मोठा! मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टीव्हीमागे कोंबलेल्या डबीचा पंखा गुरगुरू लागतो. मग खोलीत कूलर. कूलरला पाणी लागतं, आणि जायकवाडी धरणाचं पाणी आपल्या गल्लीत कधी येणार, हे सांगणारा प्रोसेसर अजून निघायचा आहे.

चित्रपट, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास यांना उत्तम. जड गेम खेळणाऱ्यांनी लांब राहावं. घ्यायचाच तर १६ जीबी रॅमचा घ्या, आणि यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा.