मागच्या खुर्चीचा मानकरी

अमेरिकेत बास मासे गळाने पकडण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या क्लबांत नवख्याकडे बोट नसली तरी अडत नाही. चिठ्ठ्या टाकून त्याला कुणाच्या तरी बोटीत मागे बसवतात. पुढचा मालक पायाने ट्रोलिंग मोटर हाकत बुडालेल्या प्रत्येक ओंडक्यापाशी आधी गळ टाकणार. मग त्याच उष्ट्या पाण्यात आपण नशीब आजमावायचं. वर पेट्रोलचा वाटा द्यायचा, तोही हसत.

स्पर्धेत वजनाला बहुधा पाचच मासे. सहावा मोठा लागला की सर्वांत हलक्याला नारळ! उरलेल्यांची बडदास्त मात्र जावयासारखी: बोटीतल्या टाकीत, म्हणजे लाइव्हवेलमध्ये, ताजं पाणी, खेळती हवा. मेलेला मासा तराजूवर आला की वजन कापतात ना! बास स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये मासे जिवंत सोडण्याची मोहीम काढली. उन्हात करपणाऱ्या नवख्यासाठी अशी मोहीम अजून कुणाला सुचलेली नाही.