कुणाकडे रुपया आहे का?

प्रत्येक गोतावळ्यात एक जादूकाका असतात. ते नात्याने काकाच असतील असं नाही. कुणाचे आतोबा, कुणाच्या वहिनीचे मामा, काहीही असू शकतात. पण एकदा त्यांनी भर पंगतीत कुणाच्या कानामागून नाणं काढलं, की पुढच्या दोन पिढ्यांचे ते जादूकाका. नोकरी बहुधा एखाद्या सरकारी भांडारात झालेली असते, त्यामुळे वस्तू गायब होण्याचं त्यांना मुळात नवल नसतं. त्या परत आणता येतात, याचं असतं.

आमच्या जादूकाकांनी लहानपणी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिला आणि ते बिघडले. पण रंगमंच, पेट्या, धूर हा त्यांचा प्रांत नाही. "ट्रकभर सामान घेऊन हत्ती गायब करण्यात काय आहे? ताटातली लिंबाची फोड गायब करून दाखवा!" असं ते म्हणतात आणि खरोखरच दाखवतात. फोड नंतर शेजारच्याच्या आमटीत सापडते. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच वस्तूने त्याला फसवायचं, ही त्यांची कला. त्यामुळे काकांच्या हातात वस्तू ही वस्तू राहत नाही. मिठाईच्या खोक्याचा रबरबँड दिला तर तो दोन बोटांवरून दुसऱ्या दोन बोटांवर उडी मारतो. चमचा दिला तर वाकतो. वाण्याने सुटे पैसे दिले तर ते मोजेपर्यंत मागे रांग लागते.

त्यांचा हातखंडा प्रयोग रुमाल आणि काडीचा. काडेपेटीतली काडी रुमालात गुंडाळायची, पाहुण्याला ती कपड्यावरूनच मोडायला लावायची, 'कट्' असा आवाज सगळ्यांनी ऐकायचा आणि रुमाल झटकला की काडी अखंड! पाहुणे चाट. मोडलेली काडी रुमालाच्या शिवणीत आधीपासून दडवलेली असते, हे इतकं जुनं गुपित आहे की मी ते फोडलं असं कुणी म्हणणार नाही. आमच्या घरात तर ते काकूंनी केव्हाच फोडलं. त्या काकांचे रुमाल धुवायला टाकण्याआधी शिवणी चाचपून काड्या काढून ठेवतात.

काका यावर जादूगार हूडिनीची गोष्ट सांगतात. कुठलीही जादू तीनदा दाखवा, मी ओळखतो, अशी हूडिनीची शेखी होती. 1922 साली शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या पत्तेबहाद्दराने त्याला एका पत्त्यावर आद्याक्षरं लिहायला लावली, पत्ता कॅटात वरून दुसरा सारला आणि तो सगळ्यात वर काढून दाखवला. पुन्हा सारला, पुन्हा वर. सातव्या खेपेपर्यंत हूडिनीला काही पत्ता लागला नाही, असं सांगतात. "आणि माझ्या नशिबी ही!" काका काकूंकडे बघून म्हणतात. "हिला दुसऱ्या खेपेलाच कळतं."

"तुमचा हूडिनी रुमाल धूत नसणार," काकू आतून सांगतात.

खरी साधना मात्र नाण्यांची. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा आणि समोरचा तळवा यांच्या चिमटीत नाण्याच्या कडा धरायच्या आणि हात मात्र अगदी ढिला, निरुद्योगी दिसला पाहिजे. याला पामिंग म्हणतात. काका बातम्या बघताना पामिंग करतात, बसमध्ये दांडी धरून करतात, मौनिबाबाच्या चेहऱ्याने सांत्वनाला जातात तिथेही करतात. एकदा अशा बैठकीत स्मशानशांततेत रुपया खणकन पडला आणि तो उचलायचा कुणी, यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या.

या साधनेला सरकारने सुरुंग लावला, असं त्यांचं म्हणणं आहे. 1992 साली आलेला स्टीलचा रुपया 25 मिलिमीटर व्यासाचा होता. 2011च्या मालिकेत तो 22 मिलिमीटरचा झाला. लोक महागाई भाजीत मोजतात, काका तळव्यात मोजतात. रुपया आकसला आणि चिमटीतून निसटायला लागला. शेवटी अमेरिकेतल्या पुतण्याला त्यांनी सांगितलं, "बदामपिस्ते नकोत, अर्ध्या डॉलरची नाणी आण." ते नाणं 30.6 मिलिमीटरचं, जगभरातल्या नाणेवाल्या जादूगारांचं लाडकं. तिकडेही ते सहसा चलनात दिसत नाही, बँकेत जाऊन मागावं लागतं. पुतण्याने बिचाऱ्याने ते केलं.

पण परक्या नाण्याला वजन नाही. जादू खुलते ती समोरच्याच्या रुपयाने. म्हणून "कुणाकडे रुपया आहे का?" हे काकांचं मंगलाचरण. यूपीआय आल्यापासून या प्रश्नावर सगळे खिसे चाचपतात आणि मोबाइल काढतात. एका भाच्याने तर "काका, स्कॅन करू का?" असं विचारलं. काका म्हणाले, "अरे, माझ्याआधीच कुणीतरी सगळ्यांची नाणी गायब केली. आणि टाळ्याही घेतल्या नाहीत."

प्रेक्षकांचे त्यांनी प्रकार पाडले आहेत. सगळ्यात सोपे विद्वान. जादूगार ज्या मुठीकडे कौतुकाने बघतो तिकडे शिकलेला माणूस शिस्तीत बघतो, आणि नाणं दुसऱ्या हातात असतं. सगळ्यात अवघड पाच वर्षांची पोरं. त्यांना शिस्त नसते. ती भलत्याच हाताकडे बघत बसतात आणि "त्या हातात आहे!" असं ओरडतात. तिसरा प्रकार इंजिनिअर जावयाचा. काहीही दाखवा, तो डोळे बारीक करून म्हणतो, "मॅग्नेट असणार." आपला स्टीलचा रुपया खरंच चुंबकाला चिकटतो, त्यामुळे त्याला खोटंही पाडता येत नाही. उभ्या आयुष्याच्या मेहनतीचं श्रेय चुंबकाला गेलं, की काका जेवताना भात परत मागत नाहीत.

पत्त्यांचं दुःख वेगळं. एकवीस पत्ते, सातसातच्या तीन ओळी, तीनदा विचारायचं आणि मनातला पत्ता अकरावा निघतो, हा प्रकार काका "गणित आहे, जादू नाही" म्हणून झिडकारतात. फक्त दमले असले की करतात. पण त्यांची बोटं एवढी तयार आहेत की दिवाळीत मेंढीकोटाला त्यांना कुणी भिडू घेत नाही. पत्ते पिसायला देणं तर दूरच. रमीला त्यांनी वही घेऊन गुण लिहायचे, असा ठराव आहे. तेही शाईपेनने नाही, कारण शाईचाही एक प्रयोग त्यांना येतो.

काकांची खंत एकच. जादू बघून लोक हसतात, टाळ्या देतात, "आता जेवायला चला" म्हणतात, पण "कसं केलंत?" असं कुणी विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आरशासमोर नाण्यापेक्षा जास्त घोटलेलं आहे: मान किंचित तिरकी, मंद स्मित आणि "ते सांगायचं नसतं."

परवा पुतणीच्या साखरपुड्यात ऐन मुहूर्तावर अंगठी नाहीशी झाली. डबी उघडली तर रिकामी. क्षणभर शांतता आणि मग सगळ्या माना काकांकडे वळल्या. "काका, पुरे आता!" "अहो, मी नाही!" ते शपथेवर सांगत होते, पण जन्मभर "हात रिकामा, बघून घ्या" म्हणणाऱ्याच्या रिकाम्या हातावर कोण विश्वास ठेवणार? व्याह्यांनी खिसे तपासायची सूचना केली. निघाले ते असे: तीन रेशमी रुमाल, लाल स्पंजचे चेंडू, अर्धा डॉलर आणि रुमाल दडवायचा एक प्लास्टिकचा अंगठा. चोरीच्या आळापेक्षा तो अंगठा चारचौघांत दिसला, याने काका पांढरेफटक पडले. आणि तेवढ्यात गुरुजींनी ताटातल्या अक्षता मुठीत घेतल्या, तर मुठीत अंगठी!

मांडव टाळ्यांनी दणाणला. इंजिनिअर जावईसुद्धा चुंबक विसरला. सोनं होतं ना. गुरुजी संकल्प अर्धवट सोडून हात जोडून पुढे झाले. "मी ताटाजवळून हललो नाही हो. कसं केलंत?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मग मान किंचित तिरकी झाली.

"ते सांगायचं नसतं, गुरुजी."

तेव्हापासून नात्यात कुणाचा चष्मा, कुणाची कपाटाची किल्ली, कुणाची कवळी सापडेनाशी झाली, की पहिला फोन जादूकाकांना येतो. काका फोनवर घसा खाकरतात आणि गंभीरपणे विचारतात, "शेवटची कुठल्या हातात होती?"