मागील पानावरून पुढे

भिवंडीत काही विषय कोणीही, केव्हाही, कुठेही काढावेत. कोणी रागवत नाही. अंजूरफाट्याची वाहतूककोंडी हा असा एक विषय. वसई-दिवा मार्गावरच्या आपल्या भिवंडी रोड स्टेशनातून मुंबईची थेट लोकल कधी सुटणार, हा दुसरा. १८ डिसेंबर २०१८ ला कल्याणात भूमिपूजन झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा विषय त्या मानाने तरुण. यंत्रमागांची मंदी तर आमच्या आधीच्या पिढीने बोलायला घेतली होती आणि आम्ही ती नेटाने पुढे चालवतोय. धामणकर नाक्यावर हातात चहा घेऊन यातलं काहीही उकरून काढा, बाकड्यावरची माणसं सरकून जागा देतात. या विषयांना कोणी धनी नाही, म्हणून.

मी धनी असलेला विषय काढला.

कामतघरातल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव आहे. निवडून आलो असं म्हणवत नाही. त्या सभेला मी गैरहजर होतो, आणि गैरहजर माणसाला एकमताने निवडण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. त्यातून आम्ही इथे राहायला आलो ते अलीकडेच, म्हणजे नाही म्हणायची भीडही होती. कारभार म्हणून एक लोखंडी कपाट ताब्यात मिळालं. किल्ली पुष्कळ दिवसांनी मिळाली. आत इतिवृत्ताच्या वह्या. जन्मभर मुंबईच्या एका कचेरीत फायलींवर टिपणं लिहिल्यामुळे निवृत्तीनंतर हात शिवशिवत होतेच. त्या वह्या मी कादंबरीसारख्या वाचून काढल्या.

मधल्या एका वहीत कथानक भलतंच रंगलं होतं. तळमजल्यावरच्या शेठनी थोरल्या मुलीच्या हळदीला गच्चीवर मांडव घातला. खांब रोवायला गच्चीत भोकं पाडली. पहिल्याच पावसात मास्तरांच्या स्वयंपाकघरात, नेमकं देव्हाऱ्यावर, पाणी ठिबकायला लागलं. मास्तरांचा तक्रारअर्ज वहीला चिकटवलेला होता, ऱ्हस्वदीर्घ चोख. शेठचं उत्तर तोंडी होतं, ते तत्कालीन सचिवांनी ‘सभासदांनी असहमती व्यक्त केली’ अशा शब्दांत उतरवलं होतं. मग ‘विषय पुढील सभेत घ्यावा’. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. आणि मग एकाएकी विषयच गायब! ना ठराव, ना निर्णय, ना पैशांची नोंद.

अशी अर्धवट फाईल पाहिली की मला झोप लागत नाही. शिवाय उत्तर माझ्याकडे तयार होतं. आदर्श उपविधींत सरळ लिहिलंय की पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची. इतकी वर्षं दोन घरं भांडली आणि एकालाही ते पुस्तक उघडावंसं वाटलं नाही, याची मला कीव आली.

“मास्तरांना एकदा विचारलंत का?” हिने विचारलं.

कागद समोर असताना माणसांना काय विचारायचं!

कायदा मात्र मी बारकाईने पाहिला. सर्वसाधारण सभेने केलेला ठराव रद्द करायचा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय आणता येत नाही, असं उपविधी सांगतात. लोकसभेतसुद्धा एकदा निर्णय झालेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा मांडू देत नाहीत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ तर निकाली निघालेल्या वादाला पुन्हा कोर्टाची पायरी चढूच देत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधी उधारी तीन वर्षांत मुदतबाह्य होते. मात्र मुदतीच्या आत ऋणकोने लेखी कबुली दिली की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची. (आमच्या कापड बाजारातले मुरलेले लोक उधारीबद्दल तासन्‌तास गोड बोलतात, पण पेन हातात धरत नाहीत, ते उगाच नाही.) या सगळ्यातून मी काढलेला निष्कर्ष असा की इथे ठरावच झालेला नसल्याने मला मोकळं रान आहे.

आमची सभा नेहमी रविवारी असते. रविवारी शेठचे माग चालू असतात, त्यामुळे ते कधीच फिरकत नाहीत. भिवंडीच्या मागांची सुट्टी शुक्रवारची. प्रतिवादी हजर हवा म्हणून मी सभा शुक्रवारी रात्री ठेवली. नोटिशीत विषय सातवा: ‘गच्चीस पाडलेल्या भोकांबाबतची प्रलंबित तक्रार’. पण नोटीस चहापाण्याच्या ओळीपलीकडे कोण वाचतंय? दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जो आकडा कमी तेवढी गणसंख्या लागते. ती रिवाजाप्रमाणे भरली नाही, रिवाजाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि तेवढ्यात रिवाजाप्रमाणे सगळे खाली उतरले.

सातवा विषय मी मास्तरांच्या मूळ अर्जासकट, योग्य ठिकाणी आवाज चढवत वाचला. इतर दिवशी आजूबाजूच्या मागांच्या खडखडाटात निम्मी सभा वाहून जाते. शुक्रवारी शब्दन्‌शब्द ऐकू गेला.

कोणी काही बोलेना. खजिनदार कानाशी लागले, “साहेब, शेठची धाकटी मास्तरांची सून आहे. ती बघा, मागे बसलीय.”

सूनबाई मांडीवरच्या पोराला थोपटत माझ्याकडे बघत होत्या. धाकटीचं ठरलं तेव्हा शेठनी गुपचूप सगळ्या गच्चीला चायना चिप्स घालून दिल्या होत्या आणि गळती थांबली होती. कपाटातल्या वह्या सोडून ही गोष्ट अख्ख्या इमारतीला ठाऊक होती. मधल्या काळात वादी-प्रतिवादींची सोयरीक झाल्यास काय करावं, याचं कलम मी चाळलेल्या एकाही कायद्यात नव्हतं.

“शिळ्या कढीला ऊत कशाला?” मास्तर शांतपणे म्हणाले.

“नाहीतर काय,” शेठ म्हणाले.

इथे कोणीही विषय आठवा घेतला असता. पण माझा तयार केलेला उपविधी वाचायचा राहिला होता. तो मी वाचला, आणि सद्भावनेने पुस्ती जोडली की खर्च मुळात सोसायटीचा असल्याने शेठना ती रक्कम परत मागण्याचा हक्क आहे.

“म्हणजे माझे पैसे परत मिळतील?” शेठ ताठ बसले.

“परत?” मास्तर म्हणाले. “म्हणजे ते पैसे तुम्ही मोजून ठेवलेत तर!”

“मी कुठं मोजले? तुमचे सचिव मोजतायत.”

“मोजले नसतील, पण मानपानात वळते करून घेतलेत. तरीच आमच्या हिला विहीण म्हणून साधी साडी आली.”

त्यानंतर गच्चीचा उल्लेख झाला नाही. जानवसा निघाला, पंगतीला झालेला उशीर निघाला, वरमाईच्या मामांना न दिलेला फेटा निघाला. मी मान खाली घालून सगळं लिहून घेत होतो. सवय! अकरा वाजता अध्यक्षांनी विषय पुढील सभेवर ढकलला.

पण पुढील सभा मी बोलवायच्या आत मला बोलवावी लागली. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सभा घ्यावी लागते. मागणीपत्र मास्तरांच्या अक्षरात होतं आणि त्याखाली पहिल्या दोन सह्या व्याही-व्याह्यांच्या, शेजारी शेजारी. विषय एकच: ‘मागील सभेच्या इतिवृत्तातील विषय क्रमांक ७ चा मजकूर वगळणे’. नोटीस मीच टाईप केली, मीच जिन्यात चिकटवली आणि चहाही मीच सांगितला. हिने त्या आठवड्यात माझ्याशी हा विषय सोडून सर्व विषयांवर बोलायचं ठरवलं होतं.

विशेष सभेला एरवी न येणारी माणसंही आली. शेठच्या मंडळी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मागच्या सभेच्या वेळी त्या माहेरी गेल्या होत्या.

अध्यक्ष म्हणाले, “काय वगळायचं ते आधी सभेला कळलं पाहिजे. सचिवसाहेब, वाचा.”

मी शेठकडे पाहिलं. शेठनी छताकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते. मी वाचायला लागलो. अर्ज झाला, चायना चिप्स झाल्या, साडीशी आलो तेव्हा मी आवाज शक्य तितका खाली आणला.

“थांबा,” शेठच्या मंडळी म्हणाल्या. “येवल्याहून मी स्वतः जाऊन आणलेली पैठणी होती ती. काय म्हणाले मास्तर तिला? परत वाचा. सावकाश.”